तिन्हीसांजेचा अडसर

१

बुधवार, ३ डिसेंबर १९८६. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मुलुंडला, पाच रस्त्याच्या मागच्या गल्लीत, काशीराम पेडणेकर आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मरून पडलेले सापडले. वय त्रेसष्ट. डोक्याच्या मागे एकच घाव. कोनाड्यात देवाजवळ दिवा लागलेला. मागचं दार आतून बंद, पुढच्या दाराला आतून अडसर. घरात दुसरं माणूस एकच होतं, त्यांची विधवा सून शेवंती.

गुरुवारी सकाळी पंचनाम्यासाठी पोलिसांनी दोन पंच बोलावले. समोरच्या बंगलीतले अण्णा परांजपे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि शेजारच्या चाळीतल्या पद्मजा रेगे, म्युनिसिपल शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. अण्णांनी चष्मा न लावताच सही ठोकली. पद्मजाबाईंनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पेन टोपण लावून परत दिलं.

"मी सही करणार नाही."

फौजदार राजाराम घाडगे पडवीच्या कट्ट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "का? शुद्धलेखन चुकलंय?"

"यात लिहिलंय, 'सुनेने दारास आतून अडसर घालून कृत्य केले.' अडसर तिनं घातला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दाराला बाहेरून अडसर घालायची सोय तुमच्या चाळीत असेल बाई. इथे नाही."

हवालदार हसला. अण्णाही हसले, आणि ते पद्मजाबाईंना जास्त लागलं. काल रात्री याच अण्णांनी "बिचारी पोर" म्हणून डोळे टिपले होते.

"अहो, सहीच तर करायची," अण्णा म्हणाले. "आपल्याला साक्षीला थोडंच नेतात लगेच!"

"साक्षीलाच नेतात, अण्णा. पंच म्हणजे काय, सत्यनारायणाचं आमंत्रण वाटलं तुम्हाला?"

पद्मजाबाई घाडग्यांकडे वळल्या. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. शाळेतली पोरं त्या उतरलेल्या आवाजाला घाबरत.

"काल काशीरामभाऊंना बाहेर काढताना स्ट्रेचर आडवं करावं लागलं. आठवतंय?"

"जुनं घर. दार अरुंद."

"दार अरुंद नाही. डावं कवाड उघडत नव्हतं. हे बघा, आजही उघडत नाही. आणि हे दार मी चांगलं ओळखते."

त्यांनी डाव्या कवाडाला हात लावून आत ढकललं. अर्ध्यावर जाऊन ते खट्कन थांबलं.

२

ते दार त्या खरंच ओळखत होत्या. दोन वर्षांपूर्वी सातवीचा वर्ग घेऊन त्या याच पडवीत बसल्या होत्या. काशीरामच्या वडिलांनी, देवगडकडच्या सुतारानं, मुंबईत गिरणीत पोट भरलं, पण घर बांधलं ते गावच्या रीतीनं. जाड भिंती, आत उघडणारी दोन कवाडं, आणि कवाडांमागे अडसर. अडसर म्हणजे हातभर रुंद भिंतीच्या पोटात सरकणारा सागवानी वासा. दिवसा तो भिंतीतल्या पोकळीत पुरता लपे, बाहेर राही ती फक्त त्याच्या तोंडाची लोखंडी मूठ. रात्री मूठ धरून ओढला की कवाडांमागून आडवा जाऊन पलीकडच्या खाचेत बसे.

काशीरामनी त्या दिवशी पोरांना तो दहादा ओढून, दहादा ढकलून दाखवला होता. "बघा, एका बोटान जाता. माझ्या बापाशीन केल्लो हा. मी मरान, पण ह्यो अडसर अडकूचो नाय."

आज ते मेले होते आणि अडसर अडकला होता. मुठीमागे चार बोटं लाकूड भिंतीबाहेर दिसत होतं. ते लाकूड त्या घरात दिवसा कोणी कधी पाहिलं नव्हतं. डावं कवाड त्यावरच येऊन आपटत होतं.

"लाकूड फुगलं असेल," घाडगे म्हणाले.

"डिसेंबरात?"

पद्मजाबाई सरळ आत गेल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून शेवंती बसली होती. शेजारी महिला पोलीस. शेवंतीचं वय बत्तीस, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. चेकनाक्याजवळ एका कपड्यांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करी. नवरा गेल्यावर गल्लीनं तिला पांढऱ्या पायाची म्हणून घेतलं होतं. काशीरामनी ऐकून घेतलं नव्हतं. "ती माझी सून नाय, झील हा माझो," असं ते चारचौघांत म्हणत. मुलगा आहे माझा.

"मी नाय ओ बाई," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "मामंजींना मी कशाला मारू? मला दुसरं कोण होतं?"

"ते ठाऊक आहे मला. रडायचं नंतर. काल दिवा लावल्यापासून काय झालं ते सांग. काही गाळू नकोस."

"कारखान्यातनं आले. हातपाय धुतले, दिवा लावला. मागचं दार लावलं, पुढचं उघडलं."

"दोन्ही कवाडं?"

"दोन्ही. तिन्हीसांजेला अर्धं दार उघडतात काय? लक्ष्मी पुढनं यायची आणि मागनं जायची नाय, म्हणून मागचं लावायचं नि पुढचं सताड उघडं. सासूबाईंनी शिकवलेलं. मामंजी झोपाळ्यावर होते. मी आत येऊन स्टो पेटवला, भात टाकला."

"स्टो म्हणजे तो पंपाचा?"

"व्हय. तो पेटला की शेजारी तोफ डागली तरी कळायचं नाय. भात झाला, स्टो विझवला, मामंजींना चहा विचारायला पुढे आले तर..." ती थांबली. "तर काळोख वाटला. दार बंद होतं. अडसर घातलेला. आणि मामंजी खाली."

"मग?"

"मी ओरडले. बाहेरून दार वाजायला लागलं. मी अडसर ढकलला. आत जाईना. ढकलला, ढकलला, कुठेतरी खट्कन थांबला. एक कवाड उघडलं एवढंच."

घाडगे दारात येऊन ऐकत होते. "बघा. तीच सांगते, अडसर आतून होता. अजून काय पाहिजे?"

"खून करणारी बाई असं सांगेल का हो?" पद्मजाबाईंचा आवाज आणखी खाली गेला. "'दार उघडं होतं, कोणीतरी आला नि मारून गेला' म्हणाली असती तर सुटली नसती?"

"बाहेरच्यांनी अडसर सरकताना ऐकलं होतं. खोटं बोलून चालणार नव्हतं."

"बरं. मग ज्या बाईला सासऱ्याचं डोकं फोडायचं आहे, ती आधी दिवा लावते, आणि लक्ष्मी यायच्या वेळेला, साऱ्या गल्लीला दिसेल असं पुढचं दार बंद करते? ती या घरातली असेल तर तेवढी एक गोष्ट करणार नाही, फौजदार."

घाडगे तोंड उघडणार, तोच पडवीतून कोणीतरी गर्जलं, "कुठे आहे ती सटवी?"

३

तो लवू होता, काशीरामचा धाकटा मुलगा. कांजूरमार्गला भाड्याच्या खोलीत राहायचा. काल पाच वाजता तो इथेच होता, आणि बापाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. विषय एकच, बिल्डरला घर द्यायचं की नाही. बिल्डर घराच्या दोन्ही भागांसाठी तयार होता, पण एका भागासाठी नव्हता. शेजारच्या भागातला काशीरामचा भाऊ धोंडू राजी होता. लवू राजी होता. काशीराम म्हणत, शेवंतीच्या डोक्यावर छप्पर राहील तोवर कौल हलणार नाही.

"साहेब, हिला आधी बेड्या घाला," लवू म्हणाला. "घर गिळायला बसली होती ही."

"आणि तू काय करायला बसला होतास रे?" पद्मजाबाईंनी विचारलं. "काल पाच वाजता 'म्हाताऱ्या, तू मेल्याशिवाय सुटका नाही' असं कोण ओरडलं? शेवंती?"

लवूचा चेहरा काळवंडला. "रागात बोललो. साडेपाचला मी निघालो इथून. सहा वाजता कांजूरमार्गच्या हॉटेलात होतो, मालकाला विचारा, काल त्याच्याशीपण भांडलो मी."

"ते विचारलंय," घाडगे म्हणाले. "होता हा तिथे. कपबशी फोडली याने." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, तुमचा मान ठेवतो. बारा वाजता गाडी येईल. हिला घेऊन जाईन, घराला कुलूप लावीन आणि माझा शिपाई इथून काढीन. तोवर तुम्हाला सही नसेल करायची तर पंचांना मुलुंडात तोटा नाही. गल्लीच्या तोंडाशी पानवाला आहे, तो रोज करतो."

"शिपाई रात्रभर इथेच होता?"

"पडवीत. इथेच, या दोन दारांच्या मधे."

पद्मजाबाईंनी वर पाहिलं. काशीरामचं दार आणि चार पावलांवर धोंडूचं दार. एकच पडवी, एकच भिंत. शिपाई दोन्हींच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. म्हणजे इथे कोणाला काही करायचं असलंच, तर रात्रभर करता आलं नव्हतं. आणि बारा वाजल्यानंतर करता येणार होतं.

शेवंतीकडे न बघता त्या म्हणाल्या, "बारापर्यंत आहे ना वेळ? मग मी बोलून येते."

"कोणाशी?"

"ज्यांना तुम्ही काही विचारलं नाहीत त्यांच्याशी."

४

अनुपमा परांजपे, अण्णांची सून, गॅलरीत तांदूळ निवडत होती. काल संध्याकाळी ती याच गॅलरीत होती. नाही, सुरुवातीला नव्हती, किंकाळी ऐकून बाहेर आली.

"काय दिसलं गं?"

"काय दिसणार? पडवीला ती लाकडी जाळी, वर दिवा नाही. धोंडूभाऊ फाटकातून आत पळताना दिसले. हातात पावाची पुडी. बेकरीतून येत असणार."

"मग?"

"मग काय, पडवीत चढले, दारावर धपाधप हात मारले, ओरडले, 'शेवंते, अडसर काड, अडसर!' आतून लाकूड सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं. मग आम्ही सगळे धावलो."

पद्मजाबाईंनी सुपातला एक खडा उचलला आणि कठड्यावर ठेवला. "पुन्हा सांग. अडसर काढ म्हणाले की कडी काढ?"

"अडसर. स्पष्ट ऐकलं मी. मला हसूच येणार होतं, इतका जुना शब्द. आमच्याकडे कोण म्हणतंय अडसर?"

"दार आधी ढकलून पाहिलं होतं का?"

अनुपमा विचारात पडली. "नाही. पायरी चढता चढताच ओरडत होते ते."

अण्णा आतून बाहेर आले होते. "यात काय मोठंसं? दार बंद दिसलं, म्हणाला अडसर."

"अण्णा, तुमचं दार आतून लागलं असेल तर बाहेरून तुम्ही काय ओरडाल?"

"दार उघड. नाहीतर कडी काढ."

"बरोबर. त्या दाराला दिवसभर कडीच असते. अडसर फक्त झोपताना. हे धोंडूभाऊंना जन्मापासून माहीत आहे. पायरी चढणाऱ्या माणसाला बंद दारामागचं लाकूड दिसत नाही, अण्णा. ते आधीच माहीत असावं लागतं."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. "माझी सही..."

"झाली आहे तुमची सही," पद्मजाबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

५

धोंडूच्या दाराबाहेर, भिंतीच्या जाडीत ठोकलेल्या लाकडी गट्टूवर विजेच्या घंटीचं बटण बसवलं होतं. पद्मजाबाईंनी दाबलं. वाजलं नाही. पुन्हा दाबलं. मग दार ठोठावलं.

धोंडूची बायको प्रेमा हिनं दार उघडलं. डोळे सुजलेले, पदर खांद्यावरून गुंडाळलेला. "या बाई. हे भटजींकडे गेलेत. दहाव्याचं विचारायला."

"घंटी बिघडली वाटतं?"

"घंटी? नाही हो. काल दुपारी दूधवाल्यानं वाजवून वाजवून कान किटवले." प्रेमा क्षणभर बटणाकडे बघत राहिली. "जुनी झालीय. बसा, चहा टाकते."

पद्मजाबाई बसल्या. हा भाग चार वर्षांपूर्वी वेगळा झाला होता. गिरणीचा संप, दोघा भावांची नोकरी गेलेली, घरात धुसफूस, आणि मग वाटणी. मधे विटांची भिंत घातली, आणि धोंडूसाठी दर्शनी भिंतीत नवं दार पाडलं. पुढच्या जुन्या भिंतीत आता दोन दारं होती.

दोन दारं, आणि मधली भिंत. त्या भिंतीच्या पोटात काशीरामच्या अडसराची पोकळी.

"डास आहेत का हो तुमच्याकडे फार?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"विचारू नका. सहा वाजले की दार बंद करून टाकते मी. मागचं पुढचं, दोन्ही."

"तिन्हीसांजेलासुद्धा?"

"अहो, चार वर्षं झाली. वेगळं राहायला लागल्यावर कोण पाळतंय ते सगळं? ती शेवंती मात्र... सासूचा वारसा." प्रेमाच्या तोंडून 'वारसा' हा शब्द जरा जोरात आला. "दसऱ्याला भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांचा भाग शेवंतीला राहील. सुनेला! पोटचा पोरगा असताना. आमचं काय मग? अर्ध्या घरात कौलं गळत मरायचं?"

बोलता बोलता तिनं आल्याचा तुकडा ओट्यावर ठेवला आणि स्टीलच्या पेल्याच्या बुडानं ठेचायला घेतला. आलं निसटून पळत होतं. शेजारीच लोखंडी खल होता, आतून काळा, गुळगुळीत. रिकामा.

पद्मजाबाईंनी चहा घेतला. आलं धड ठेचलं गेलं नव्हतं, दाताखाली आलं.

"बत्ता कुठे गेला?"

"काय?"

"खल आहे. बत्ता नाही."

प्रेमाच्या हातातला पेला ओट्यावर टेकला, तो टेकलेलाच राहिला. "असेल इथेच कुठेतरी. कालपासून कोणाला काय सुधरतंय!"

बाहेर पडताना पद्मजाबाई दारात थांबल्या. कोपऱ्यात वलणीवर कपडे टाकायची लांब काठी उभी होती. तिचं टोक पांढरं होतं. चुना लागलेला, आणि चुन्यात तपकिरी भुसा. कपडे वाळत घालायच्या काठीला भिंतीच्या पोटातला चुना लागायचं काही कारण नव्हतं.

अकरा वाजून गेले होते. शिपाई खुर्चीत जांभई देत होता. फाटकातून धोंडू येत होता.

६

"घाडगेसाहेब," पद्मजाबाई म्हणाल्या, "एक स्क्रू-ड्रायव्हर मागवा. पंचनामा पुरा करू."

सगळे पडवीत जमले. धोंडू, प्रेमा, लवू, अण्णा आणि अनुपमा. महिला पोलिसाच्या मागे शेवंती उभी होती. धोंडू काशीरामसारखाच दिसायचा, फक्त खांदे पडलेले.

"माझो भाव गेलो, आणि तुमी इथे काय खेळ मांडलाय?" तो म्हणाला.

"खेळ तुमच्या घरात झाला, धोंडूभाऊ. मी फक्त कुठून कुठे काय सरकलं ते सांगते." पद्मजाबाईंनी अडसराच्या मुठीवर हात ठेवला. "हा वासा काशीरामभाऊंच्या हयातीत पुरता आत जायचा. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो तसा काढलाय, मूठ तेवढी बाहेर. काल शेवंतीनं ढकलला तेव्हा तो चार बोटं अलीकडे थांबला. म्हणजे पोकळीत त्याच्यामागे काहीतरी आलंय. ते काशीरामभाऊंच्या बाजूनं जाणार नाही, कारण या बाजूनं पोकळीचं तोंड अडसरानंच भरलेलं असतं. मग गेलं कुठून?"

"भिंत बंद आहे," घाडगे म्हणाले. पण ते आता कट्ट्यावरून उठले होते.

"होती. वाटणीच्या वेळी इथे धोंडूभाऊंचं दार पाडलं. जिथे भिंत कापली तिथेच पोकळीचं शेपूट होतं. गवंड्याला आयतं भोक मिळालं. त्यावर लाकडी गट्टू ठोकून घंटीचं बटण बसवलं. काल दुपारी ती घंटी वाजत होती. आज वाजत नाही. काल संध्याकाळी हा गट्टू काढला गेला, घाईत तार तुटली, आणि तसाच परत बसवला."

पद्मजाबाईंचा आवाज इतका खाली आला होता की अनुपमा दोन पावलं जवळ सरकली.

"उघड्या दारातून कोणीतरी आत गेलं. शेवंतीचा स्टो पेटलेला, तिला काही ऐकू येणार नव्हतं. झोपाळ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या माणसाच्या डोक्यात एक घाव घातला. बाहेर येऊन कवाडं ओढून घेतली. चार पावलं चालून आपल्या दारात आलं, गट्टू काढला, आणि त्या काठीनं अडसर मागून ढकलला. तो दारामागून जाऊन पलीकडच्या खाचेत बसला. झालं. दार आतून बंद. आत एक मेलेला, एक जिवंत. फासावर कोण जाणार ते ठरलंच. एक मेला, एक तुरुंगात, उरलं घर."

"हे सगळं तुमचं डोकं," लवू म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. तो काकाकडे बघत होता.

"माझं डोकं नाही, तुझ्या आज्याची कारागिरी. अडसर पुढे गेला, मागे पोकळी रिकामी. आणि हातात घाव घातलेली वस्तू. ती लपवायला याहून चांगली जागा कोणती? आत टाकली, गट्टू बसवला. नंतर शेवंतीनं अडसर मागे सारला तो त्या वस्तूवर येऊन अडला. ती रात्रीच काढता आली असती. पण शिपाई दारात बसला होता. म्हणून बारा वाजायची वाट." त्या प्रेमाकडे वळल्या. "तुमच्या खलाचा बत्ता, प्रेमाबाई. वीतभर लांब असेल ना?"

हवालदारानं स्क्रू काढले. ते सैलच होते. गट्टू हातात आला, मागे तुटलेली तार लोंबली. आत काळं भोक. घाडग्यांनी हात घातला, मनगटापर्यंत, आणि थांबले. मग रुमालानं धरून एक लोखंडी बत्ता बाहेर काढला. जाड टोकाला काळपट काहीतरी वाळलं होतं, आणि त्यात पांढरे केस.

शेवंती पुढे आली. तिला कोणी अडवलं नाही. तिनं अडसराच्या मुठीला एक बोट लावलं. अडसर सरकला, भिंतीत गेला, मूठ तेवढी बाहेर राहिली.

मग ती वळली. पाच वर्षांत गल्लीनं तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"मेल्यांनो, त्यांच्या घरात दिवा लागला होता! दिवा लागल्यावर त्यांना मारलात! घर पाहिजे होतं तर मला हाकलायचं होतं. मी गेले असते. रस्त्यावर राहिले असते. त्यांना का मारलात?"

धोंडू पायरीवर खाली बसला. "मी नाय मारलंय," तो म्हणाला.

"अडसर काढ असं तुम्ही ओरडलात," पद्मजाबाई म्हणाल्या. "अडसर घातलाय हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं बायकोकडे बोट दाखवलं. "हिनं सांगितलान. मी पाव घेऊन येत होतो, ही फाटकात आली. म्हणाली, 'भाऊजींच्या दाराला अडसर आहे, आतून काहीतरी आवाज आला.' मी धावलो. मला काय ठाऊक!"

"खोटं!" प्रेमा किंचाळली. "मी न्हाणीघरात होते! बत्ता तूच उचललास, दुपारपासून तुझ्या तोंडात तेच होतं! बेकरीत तू सहालाच गेला होतास, परत आलास नि पुन्हा गेलास!"

"गो, माझ्या भावाक मी मारीन?"

"तुझ्या भावानं तुला अर्ध्या घरात टाकलं होतं!"

अनुपमा सांगत होती की तिनं धोंडूला एकदाच येताना पाहिलं, पण किंकाळीनंतर. किंकाळीआधी गॅलरीत कोणी नव्हतं. जाळीमागच्या पडवीत दिवा नव्हता.

बारा वाजता गाडी आली. ती शेवंतीसाठी सांगितलेली होती, तिच्यातून धोंडू आणि प्रेमा गेले. समोरासमोर बसले होते, एकमेकांकडे न बघता. घाडग्यांनी जुना पंचनामा चार तुकड्यांत फाडला आणि नवा लिहायला घेतला. अण्णांनी पुन्हा पेन मागितलं. पद्मजाबाईंनी आधी वाचला, दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले, आणि मग सही केली.

"बाई," घाडगे म्हणाले, "तुमचं बरोबर निघालं."

"तुम्हाला माझं बरोबर निघायची वाट का बघावी लागली, ते सांगा."

घाडग्यांनी नव्या पंचनाम्याची घडी घालून तो खिशात टाकला.

७

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता लवू फाटकाशी आला. आत आला नाही. शेवंतीनं दिवा लावला, मागचं दार बंद केलं, पुढचं उघडलं. दोन्ही कवाडं भिंतीला टेकली.

"वैनी," लवू म्हणाला, "मी बोललो ते..."

"बोललास ते बोललास."

"बिल्डरचा माणूस आला होता कांजूरला. विचारत होता, आता काय."

"त्याला सांग, दार उघडं आहे," शेवंती म्हणाली. "येऊन बघ म्हणावं, कोणाची हिंमत आहे ते." तिनं स्टो पेटवला नाही. झोपाळ्याशेजारी जमिनीवर, दाराकडे तोंड करून बसली.

शुक्रवार, ५ डिसेंबरच्या सकाळी घाडग्यांनी पद्मजाबाईंना शाळेत निरोप पाठवला. धोंडू म्हणतो, बत्ता प्रेमाच्या हातात होता. प्रेमा म्हणते, धोंडूच्या. बेकरीवाल्याला धोंडू आलेला आठवतो, एकदा की दोनदा ते आठवत नाही. काठीवर दोघांचेही ठसे आहेत. रोज कपडे दोघंही वाळत घालतात. अडसर ढकलला कोणी, ते दोघांपैकी एकानेही अजून सांगितलेलं नाही.